दिलं आणि दिलंच

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
आजपासून खडूची जबाबदारी माझी. खडू म्हणजे मुलीचा बोका. रंग पांढरा, वय अकरा, वजन सहा किलो, स्वभाव भित्रा. मुलगी सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला परगावी गेली आणि नेमकं जायच्या आदल्या दिवशी निदान झालं : डायबेटिस. त्यात अँग्झायटी. प्राण्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, घरात भांडं पडलं तरी याची शुगर चढते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, इन्सुलिन दोन युनिट. आधी खाणं, मग टोचणं. बाटली हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. डोस दिला की फ्रिजवरच्या चार्टवर टिक.
बायको म्हणाली, मी देते, माझा हात सुईला सरावलेला आहे. तिचं कपडे अल्टर करण्याचं दुकान आहे. मी नम्रपणे नाही म्हटलं. सुई हा हाताचा प्रश्न नाही, विश्वासाचा आहे. तीस वर्षं कर्मचारी संघटनेत मी भल्याभल्या घाबरटांना ऑफिसच्या गेटसमोर उभं केलं. निवृत्तीनंतर वाचनालयाच्या हॉलमध्ये लोकांना सभेत बोलायला शिकवतो. मला एक बोका जड आहे?
मुलगी निघताना म्हणाली, "बाबा, त्याला काही समजावू नका. फक्त टोचा." पोर भावनाविवश झाली होती.
संकल्प : सहा आठवड्यांत खडू निरोगी आणि निर्भय.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
'इंजेक्शन कशासाठी?' या विषयावर खडूशी थोडक्यात बोललो. तिसऱ्या मुद्द्याला तो कपाटाखाली गेला.
८.४० : डोस दिला. कपाट बायकोने सरकवलं. उशिराचं कारण : कपाट.

५ फेब्रुवारी
सुई कातडीच्या एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. औषध केसांवर. थोडं माझ्या चष्म्यावर. डॉक्टर बाईंना फोन केला. म्हणाल्या, गेलं की नाही अशी शंका असेल तर पुन्हा टोचायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.
नियम फार शहाणपणाचा आहे. एवढ्या एका नियमावर सबंध पद्धत उभी राहू शकते.

७ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध. मी बोलायला लागलो की खडू शांत होतो. अंग ताठ, कान मागे, डोळे मोठे, पापणी हलत नाही. माझ्या वर्गातली माणसंही पहिल्या आठवड्यात अशीच ऐकतात. याला एकाग्रता म्हणतात. बायको याला दुसरं काहीतरी म्हणते.
सकाळचा डोस दिला. संध्याकाळचा शंकास्पद. नियमाप्रमाणे थांबलो.

९ फेब्रुवारी
एक अडचण लक्षात आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझा वर्ग सातला सुरू होतो आणि इंजेक्शनही सातला. डॉक्टर बाईंनी वेळ ठरवताना मला विचारायला हवं होतं. वीस माणसांची भीती घालवायची की एका बोक्याची? लोकशाहीत उत्तर सोपं आहे. वर्गावरून आलो की देईन.
वर्गावरून आलो तेव्हा खडू झोपला होता. झोपलेल्या रुग्णाला उठवणं क्रौर्य आहे.

११ फेब्रुवारी
आज घरात व्याकरणाचा प्रश्न निघाला. सकाळी सव्वासातला मी बाटली फ्रिजमधून काढत होतो. बायको दुकानात निघाली होती, दारातून विचारलं, दिलं का? मी म्हणालो, दिलंच. ती गेली.
आता, 'दिलंच' यात खोटं काय? 'आलोच' म्हणणारा माणूस अजून घरातच असतो. 'निघालोच' म्हणणारा आंघोळीला जायचा असतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. आपल्या भाषेत एका 'च'मध्ये सबंध भविष्यकाळ मावतो. माझा निर्णय पक्का झाला होता, फक्त अंमलबजावणी राहिली होती. आणि पक्का झालेला निर्णय लगेच नोंदवावा, ही संघटनेतली जुनी सवय. म्हणून टिक केली.
त्यानंतर खडू पडद्याच्या दांडीवर चढला. साडेनऊला उतरला. तोपर्यंत वेळ टळली होती. उशिरा देण्यापेक्षा न देणं बरं, असं मला वाटतं.
टिक खोडली नाही. खाडाखोडीने चार्टवरचा विश्वास उडतो.

१४ फेब्रुवारी
चार्ट सुंदर दिसतो आहे. निळ्या शाईत एकही जागा मोकळी नाही. बायको संध्याकाळी आली की आधी चार्ट बघते, मग चप्पल काढते. आज म्हणाली, "बाई गं, तुम्ही खरंच करताय की." बत्तीस वर्षांत तिने माझं असं कौतुक दोनदा केलं आहे. पहिलं कशाबद्दल होतं ते आठवत नाही.

१६ फेब्रुवारी
खडू भरपूर पाणी पितो. आज वाटी पाच वेळा भरली. पाणी आरोग्याला उत्तम. कमरेतही बारीक झाला आहे. अकराव्या वर्षी अशी फिगर!
त्याची मातीची पेटी मात्र दिवसातून चारदा बदलावी लागते. हे काम बायकोकडे दिलं आहे. मी सगळं स्वतःकडे ओढून घेणाऱ्यातला नाही.
आज बाटली हातात घेऊन बोलताना ती बरीच हलली. मुद्दाच तसा होता.

२० फेब्रुवारी
तपासणी. शुगर ४१२. वजन सव्वापाच किलो.
डॉक्टर बाईंनी चार्ट हातात घेतला, सतरा दिवस, चौतीस टिका, एकेक बोटाने मोजल्या. म्हणाल्या, "काका, इतकं नियमित कोणीच करत नाही." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या की एवढं वेळेवर देऊनही उतरत नाही, म्हणजे डोस कमी पडतोय. तब्येत नाजूक आहे, आता थांबण्यात अर्थ नाही. चार युनिट करू.
खुलासा करायची इच्छा झाली. पण बाई विचार करत होत्या. तज्ज्ञ विचार करत असताना मध्ये बोलू नये. शिवाय बायको शेजारी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काळजी होती, की इतकं करून बिचाऱ्याच्या पदरी हे.
संध्याकाळी मुलीचा फोन. रडत होती. मी चार्टचा फोटो पाठवला. तिने ट्रेनिंगमधल्या सगळ्यांना दाखवला. म्हणाली, बाबा, तुम्ही होतात म्हणून.
जेवण गेलं नाही. अपचन असावं.

२१ फेब्रुवारी
नवा संकल्प. या वेळी खरा. वर्गाला आठवडाभर सुट्टी. जुन्या टिका हे मागच्या कार्यकारिणीचं काम होतं, नवी कार्यकारिणी कोऱ्या पाटीने सुरुवात करते.
सकाळी ७.०० : चार युनिट. दिलं. 'च' नाही.
संध्याकाळी ७.०० : चार युनिट. दिलं.
खडू पळाला नाही. उठलाच नाही. सहकार्य वाढलं आहे.

२२ फेब्रुवारी
दोन्ही वेळा दिलं. ठोक्याला. हे काम अवघड आहे असं कोण म्हणतं?

२३ फेब्रुवारी, सकाळी ११
सात वाजता दिलं. खडूने खाणं तसंच ठेवलं आहे, खाईल सावकाश.
आत्ताच घडलेली गोष्ट ताबडतोब लिहून ठेवतो. मी 'भीतीवर मात' या व्याख्यानाची तालीम करत होतो. खडू आपणहून आला. पहिल्यांदा! चाल थोडी झोकांड्या खात, भारावलेल्या माणसाची असते तशी. माझ्या पायाशी बसला. प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. समारोपाला तर माझ्या पावलावर डोकं ठेवून आडवाच झाला. तीन आठवड्यांच्या परिश्रमांचं फळ. मी समारोप पुन्हा एकदा म्हणून दाखवतो आहे.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
बायको सव्वाअकराला गिऱ्हाइकाची घरी राहिलेली पँट न्यायला आली. तिने खडूकडे बघितलं आणि पिशवी टाकली. तो डोलत नव्हता. थरथरत होता. शुगर एकदम खाली गेली होती. तिने मधाचं बोट त्याच्या हिरड्यांना चोळलं, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "बोलणं थांबवा आणि गाडी बोलवा." मी बोलतच होतो, हे मला तेव्हा कळलं.
डॉक्टर बाईंनी पायाच्या शिरेत सुई घातली. ग्लुकोज सुरू केलं. मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आधीचे डोस अंगात गेले असते तर चार युनिटनी हा असा पडला नसता. खरंच गेलेत का?
मी सुरुवात केली की व्यापक अर्थाने बघितलं तर.
"काका, मला आकडा सांगा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे."
टेबलावर खडूचा एक पंजा पट्टीने बांधलेला होता. बायकोने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं. तिने हळूच विचारलं, "दिलं, की दिलंच?"
मी मनात मोजलं. चौतीसपैकी.
"नऊ," मी म्हणालो.
आयुष्यातलं माझं सर्वांत छोटं भाषण. डॉक्टर बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि पाठ फिरवून कामाला लागल्या. परतताना बायको गाडीत पुढे बसली.

२४ फेब्रुवारी
खडू अजून दवाखान्यातच. मान धरतो आहे. खात नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, आज खाल्लं तर सुटला.
मुलीला कळवायला निवेदन तयार केलं. चार पानं. पार्श्वभूमी, परिस्थितीचा दबाव, भाषेतली संदिग्धता, पुढील दिशा. बायकोने पहिलं पान वाचलं आणि चारही पानं परत माझ्या हातात दिली. म्हणाली, यात खडू कुठे आहे?
फोन मीच केला. कागद बाजूला ठेवला. टिका खोट्या होत्या, एवढंच सांगितलं. मुलगी म्हणाली, "आईला द्या फोन."
दुपारी चारला दवाखान्यातून निरोप : दोन चमचे खाल्लं. बायको दुकानातच रडली, असं शेजारच्या घड्याळवाल्याने सांगितलं. मी घरी होतो. मी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही.

२७ फेब्रुवारी
खडू घरी आला. डोस पुन्हा दोन युनिट, बायकोच्या हातून. तिला चार सेकंद लागतात. खाण्याची वाटी पुढे ठेवते, मानेमागची कातडी चिमटीत धरते, दोन टाके घालावेत तशी सुई आत-बाहेर. खडूला कळतही नाही. एक शब्द बोलत नाही, तोंडात टाचण्या असतात.
डॉक्टर बाईंनी नव्या चार्टवर स्वतःच्या अक्षरात सूचना लिहून दिल्या आहेत :
१. खाणं पूर्ण संपतंय का बघणे.
२. इन्सुलिन २ युनिट.
३. या वेळेत काका बाहेर.
तिसऱ्या मुद्द्याचा अर्थ मी असा लावतो : बाहेरून देखरेख.

२ मार्च, जिन्यात
सकाळ-संध्याकाळ पावणेसात ते सव्वासात मी जिन्यात बसतो. वाचन होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, किल्ली विसरलात का? मी म्हणालो, नाही, रुग्णसेवा चालली आहे.
शुगर २४०. माझ्या अनुपस्थितीचे परिणाम इतक्या लवकर दिसतील असं वाटलं नव्हतं.

९ मार्च, जिन्यात
शुगर १७०. वजन वाढलं. डॉक्टर बाई खूश. मी विचारलं, आता नियम थोडा शिथिल करायचा का? त्या म्हणाल्या, चांगलं चाललेलं कशाला बदलायचं. हा डॉक्टरी निर्णय आहे, यात व्यक्तिगत काही नसावं.
वर्ग पुन्हा सुरू केला. आज विषय होता 'मौनाचं महत्त्व'. दीड तास बोललो.

१७ मार्च, संध्याकाळी ७.२०
मुलगी आली. मी जिन्यात होतो. खांद्यावर बॅग घेऊन वर येताना दिसली. स्वागताची चार वाक्यं तयार होती, शिवाय माफीची तीन. तिने घड्याळ बघितलं, विचारलं, आई टोचतेय? मी मान हलवली. ती बॅग ठेवून माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तोंड मिटलं. ती हात काढायला विसरली, किंवा नाही विसरली. मी विचारलं नाही.
बायकोने दार उघडलं. खडू स्वतःच बाहेर आला. बॅग हुंगली. मग माझ्या पावलावर पाय देऊन, अगदी सावकाश, मुलीच्या मांडीत जाऊन बसला. मला बघून पळाला नाही!
आत आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. म्हणालो, बघितलंस, शेवटी त्याची भीती गेलीच.
ती म्हणाली, "तुम्ही गप्प होतात ना. त्याला वाटलं, तिथे कोणी नाही."