अठ्ठावीस ठिपके

३ जून, सकाळी ७
ह्यांना हॉस्पिटलात जाऊन पाच दिवस झाले. वांग्यांचा वाफा आता माझ्या ताब्यात. जाताना ह्यांची एकच सूचना: रोज पानं उलटून बघ. कंबर वाकत नाही, वरूनच बघितलं. सात लालसर, ठिपकेवाले भुंगे. लगेच ओळखले. लेडीबर्ड! शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांच्या बोटावर एक बसला होता. वर्ग श्वास रोखून बघत होता. बागेचे मित्र. हातगुण आहे माझा.

५ जून
ह्यांना सांगितलं. विचारतात, पाठ चकचकीत आहे का? ठिपके किती? म्हटलं, पाहुण्यांचे ठिपके मोजतात का कोणी? हसले, मग कितीतरी वेळ खोकत राहिले. डॉक्टरांनी फाईल दिली, नीट वाचा म्हणाले. चष्मा घरी राहिला होता.

८ जून
चष्मा लावून, वर भिंग धरून मोजले. अठ्ठावीस! पाठीवर बारीक लव, अगदी मखमल. टोमॅटोवर मात्र काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या अळ्या. शिसारी आली. साबणाच्या पाण्यात बुडवल्या. एकूण एक्केचाळीस. फाईल उद्या. भिंगाने डोळे दुखतात.

१२ जून
वांग्याच्या पानांची चाळण झाली आहे. ऊन फार. नर्सरीवाला कुंपणावरून म्हणाला, आजी, वाफा खातंय हो कोणीतरी. आजी म्हणे! त्याचं काय ऐकायचं?

१४ जून
आनंदाची बातमी. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, इथे ठेवून आता उपयोग नाही. म्हणजे उतार पडला. लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, फाईल वाचलीस का गं? म्हटलं, घरी सोडलेल्या माणसाची फाईल कशाला वाचायची? मग म्हणाली, मिळेल त्या विमानाने येते. एवढी घाई कसली, कळत नाही.

१६ जून
ह्यांना घरी आणलं. खुर्ची खिडकीशी मांडली. वाफ्यात पानांच्या नुसत्या शिरा. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, एक भुंगा आण. काडेपेटीतून नेला, टोमॅटोवरच्या एक्केचाळीस अळ्या बुडवल्याचंही सांगितलं. तळहातावर घेऊन म्हणाले, अगं वेडे, हाच वांगी खातो. खरा लेडीबर्ड चकचकीत असतो, पानांवरची मावा कीड खातो. तू बुडवलीस ती त्याची पिल्लं.
मला रडू फुटलं. तर विचारतात, एक्केचाळीस? नीट मोजलीस ना? आणि पोट धरून हसले.
म्हटलं, पुढच्या हंगामात दोघं मिळून पानं उलटू. बी कपाटाच्या खालच्या खणात आहे म्हणाले.

१७ जून, सकाळी ६
खण उघडला. बियांच्या डबीवर ह्यांच्या हातची चिठ्ठी, मोठ्या अक्षरांत, मला चष्म्याशिवाय दिसेल अशी: 'पुढच्या हंगामाला. तू पेर. पानं उलटून बघ.' खाली तारीख. मार्चमधली.
हे अजून झोपलेत.
फाईल वाचली. चष्मा गळ्यातच होता.