स्वयंपाकघरातलं कासव

आई, तुझं कासव मी गेल्या मंगळवारी वनखात्याच्या कचेरीत देऊन आले. तू जाऊन वीस वर्षं झाली, एवढ्या काळात तुला लिहावंसं कधी वाटलं नाही. आजही वाटतंय असं नाही, पण सरस्वतीपुरमच्या या स्वयंपाकघरात बसलेय, ओट्याखालचा कोपरा रिकामा आहे आणि दुसरं कुणाला सांगू? रडू आलं नाही. बुधवारी सकाळी सवयीनं वाटीत दहीभात कालवला, तो मग मीच खाल्ला.

ते तू हुणसूरहून आणलंस तो दिवस मला अजून दिसतो. तिथल्या शाळेतून तुझी बदली झाली, तेव्हा शाळेतल्या आयाबाईंनी निरोपाची भेट म्हणून दिलेलं. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणे. मी नऊ वर्षांची. तू बसमधून उतरतेस, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवी हलते आहे. मुठीएवढं कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात आपण मराठी बोलायचो, पण त्याच्याशी तू कायम कानडीत. "हुणसूरचं आहे ते, त्याला आपलं काय कळणार?" म्हणायचीस. ‘बा, बा’, म्हणजे ये, ये, एवढं म्हटलं की ते ओट्याखालून डुलत डुलत यायचं. मला ताप आला तरी तुझी हाक इतकी मऊ नसायची, खोटं कशाला बोलू. एकदा मी त्याला मागच्या अंगणात सोडलं. ते उन्हात मान लांब करून गवत खात होतं, इतक्यात तू धावत आलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "अय्यो, अक्कल आहे की नाही तुला? कावळे टोचतील त्याला! सुम्ने, गपचूप आत राहू दे." त्यानंतर मी त्याला कधी बाहेर नेलं नाही, तू गेल्यावरसुद्धा नाही.

मी आता काय करते ते तुला ठाऊक नाही. विमान कंपनीत आहे. कंपनीनं वन्यप्राणी वाचवायचं मनावर घेतलंय. आमच्या विमानातून चोरून प्राणी, कातडी, शिंगं काही जाऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना ते ओळखायला शिकवायचं. शिकवणारी मी. पडद्यावर एक फोटो दाखवते, बॅगेत मोज्यांमध्ये कोंबलेली चांदण्यांची कासवं, पाय चिकटपट्टीनं बांधलेले. तो इतक्या वेळा दाखवलाय की दाखवताना संध्याकाळी भाजी कुठली करायची याचा विचार करत असते. गेल्या महिन्यात इथल्याच विमानतळावर वर्ग होता. आपल्यासारख्याच, इथं मुरलेल्या मराठी घरातली एक नवी मुलगी उठली. "मॅडम, आमच्या अज्जीकडे आहे एक. प्रीतीनं सांभाळलंय हो. ते पण तप्पु का?"

मी म्हटलं, "हो, चूकच. प्रेमानं ठेवलं तरी गुन्हाच. वनखात्यात देऊन ये."

आणि ती खरंच देऊन आली. फोन करून म्हणाली, "दिलं मॅडम. कागदावर अज्जीचं नाव सांगितलं, माझं पण. अज्जी दोन दिवस जेवली नाही." मी तिला शाबासकी दिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! फोन ठेवला तेव्हा कासव माझ्या पायाशी होतं. मग दोन आठवडे मी काहीतरी कारणं काढली, आणि मंगळवारी रजा टाकून तीच कापडी पिशवी शोधली, पण आता ते तिच्यात मावेना, म्हणून टोपलीतून नेलं.

कचेरीतल्या डॉक्टरांनी ते उचलून सगळ्या बाजूंनी पाहिलं. पाठ गुळगुळीत हवी, याची ओबडधोबड, टेंगळांची. "कुणीतरी भात घालत होतं," ते कानडीत म्हणाले. "ऊन नाही, गवत नाही. हे आता जंगलात जगायचं नाही, जन्मभर आमच्या केंद्रातच राहील." मला तुझा राग यायला हवा होता. वीस वर्षं तू घातलास, पुढची वीस मी, तेव्हा माझाही यायला हवा होता. काहीच आलं नाही. त्याला खोक्यात ठेवताना ‘बा’ म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "यारू साकिद्रू?" कुणी पाळलं होतं, एवढंच विचारत होते. मी म्हटलं, माहीत नाही, रस्त्यात सापडलं. त्यांनी तसंच लिहिलं आणि मी खाली सही केली. परत येताना रिक्षात मनाशी म्हणत होते की तुझ्यावर बोल नको, म्हणून असं सांगितलं. पण गेलेल्या बाईवर कोण खटला भरणार? हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकते, मी माझ्या नोकरीसाठी भ्याले. त्या मुलीनं तिच्या अज्जीचं नाव सांगितलं होतं, स्वतःचंही. कागदावर तुझं कासव आता बेवारस आहे.