गाडीला न मानवलेलं पाणी

सोलापूर,
७ मे १९३४

प्रिय कोंडीबा,

अकरा वर्षं तू मोटार चालवत माझ्यापासून हातभर पुढं बसलास, त्यामुळं तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आज लिहायला बसलो तर मायन्यापाशीच अडलो. शेवटी ‘प्रिय’ लिहिलं आहे. ते वाचून तू सवयीनं मान खाली घालशील. घालू नकोस, सबंध पत्र वाच.

शिमग्याच्या आधीची ती दुपार तू विसरला नसशील, मीही नाही. मंद्रूपच्या पुढं सोनाबाई बाळंतपणात अडली होती. आपण निघालो आणि सातव्या मैलावर मोटार उकळली. तू डबा घेऊन ओढ्यापर्यंत दोनदा धावलास, मग गाडी निवायची वाट बघत आपण बाभळीखाली बसलो. तीन तास उशिरा पोचलो. सोनाबाई वाचली, मूल हाती लागलं नाही. बाहेर अंगणात येऊन तिच्या सासऱ्यादेखत, जमलेल्या गावादेखत मी तुला म्हणालो, की निघताना पाणी बघितलं असतंस तर हे मूल जिवंत असतं. तू एक शब्द बोलला नाहीस. मला घरी आणून सोडलंस आणि दुसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवून गावी निघून गेलास.

तू गेल्यावर पाणी मी स्वतः भरायला लागलो, अगदी काठोकाठ. तरी चार मैलांत वाफ. माझ्या मनात पहिली शंका तेव्हा आली, पण ती मी दाबून टाकली आणि गिरणीतला एक मिस्त्री बोलावला. कानावर विडी ठेवून त्यानं गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. पंख्याचा पट्टा बदलला, गाडी उकळली. रबरी नळ्या बदलल्या, तरी उकळली. मग मुंबईहून नवा रेडिएटर मागवा असं सांगून तो गेला. रोगी हाताबाहेर गेला की मीही असंच मोठ्या शहराचं नाव घेतो, तेव्हा त्याला हसायचा मला अधिकार नाही.

गेल्या रविवारी म्हटलं, आपण गाडीलाच रोगी समजून तपासू. इंजिन चालू ठेवलं आणि रेडिएटर वरपासून खालपर्यंत हातानं चाचपला. वर चटका बसत होता, खाली माठासारखा गार. म्हणजे पाणी वर येत होतं, पण खाली उतरत नव्हतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा उघडलं, तेव्हा कळलं की आपल्या मोटारीत पाणी फिरवायला पंपच नाही. तुला हे ठाऊक असणार. इंजिनापाशी पाणी तापतं, तापून हलकं होतं आणि वर चढतं. रेडिएटरमध्ये वाऱ्यानं निवतं, निवून जड होतं आणि खाली उतरून पुन्हा इंजिनाकडं जातं. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. वीस वर्षं मी माणसांच्या छातीला नळी लावून रक्त फिरवणारं हृदय ऐकत आलो. हृदयावाचून काही फिरू शकतं आणि ते रोज माझ्याच दारात फिरत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी तिथंच मातीत बसलो, कोंडीबा. देवळात जाऊनही मला कधी असं झालेलं नाही.

मल्लव्वा स्वयंपाक आटोपून न्हाणीपाशी बंब पेटवत होती. डॉक्टर धुळीत का बसलाय म्हणून ती बघायला आली. मी तिला मोठ्या उत्साहानं सगळं समजावून सांगितलं. तिला काडीचं नवल वाटलं नाही. ‘बंबात बी ऊन पानी वरच असतंय की,’ ती म्हणाली, ‘आन् आत खार धरला की पानी लवकर तापत न्हाई, गुरगुरतंय नुसतं.’ मग तिनं बंबातून खरवडलेली एक पांढरी खपली आणून माझ्या हातावर ठेवली. चांगली जाड होती. म्हणाली, ‘आपल्या हिरीचं पानी लई जड, सायेब. त्यात डाळ बी शिजत न्हाई.’

मग माझ्या ताटात रोज येते ती डाळ कशी शिजते, असं मी विचारलं. तर तीन वर्षं ही बाई शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून दोन घागरी गुपचूप आणते आहे. साठ फूट खडक फोडून काढलेलं जे पाणी मी आल्यागेल्याला कौतुकानं पाजतो, त्यात माझ्याच घरची डाळ शिजत नाही, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तोंडाला कोण लागणार, म्हणून सगळे गप्प. ते ऐकताना मला तू आठवलास. गाडीसाठी तूही त्याच मळ्यातून डबे भरून आणायचास. एकदा मी ते पाहिलं आणि घरची विहीर असताना दुसऱ्याच्या दारी भीक कशाला, म्हणून तुझ्यावर ओरडलो. तू म्हणालास, ‘डाक्टरसायेब, हे पानी गाडीला मानवंना.’ मी हसलो आणि विचारलं, गाडीला जीभ असते काय. त्या दिवसापासून तू माझ्या हुकमाचंच पाणी भरलंस.

म्हणजे रेडिएटरच्या नळ्या याच खारानं बुजल्या होत्या. मल्लव्वा म्हणाली चिंच लावा, बंबाला तीच लावतात. मी दवाखान्यातलं लिंबाचं सत घेतलं. रेडिएटर उतरवून त्यात ते गरम पाण्यातून ओतलं, दोन तास ठेवलं, मग तो उलटा करून खालच्या तोंडानं मळ्यातलं पाणी सोडलं. आधी ताकासारखं पाणी निघालं, मग खपल्याच खपल्या. चौथ्या खेपेला स्वच्छ आलं. इंजिनाचं पोटही तसंच धुतलं. मिस्त्रीला हे सांगायला अजून धीर झालेला नाही.

काल भर उन्हात मी एकटा त्याच रस्त्यानं गेलो. त्या बाभळीपाशी थांबलो, इंजिन चालूच ठेवलं आणि फडक्यानं झाकण काढून आत पाहिलं. वरच्या नळीतून पाणी शांतपणे येत होतं आणि खाली उतरत होतं. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. पण खरं सांगू, मला त्याहून मोठं नवल तुझं वाटलं. त्या अंगणात ‘तुमच्याच हुकमाचं पानी’ एवढे तीन शब्द तू बोलला असतास, तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला गावासमोर उघडं पडू दिलं नाहीस. एवढं मन माणसाला कुठून येतं, ते मला कुठल्या पुस्तकात सापडेलसं वाटत नाही.

तिथून मी सोनाबाईच्या घरी गेलो. त्याच अंगणात उभं राहून, गाव गोळा झाल्यावर सांगितलं की दोष कोंडीबाचा नव्हता, माझा होता. सोनाबाई दारात येऊन म्हणाली, ‘त्या डायवरला कुनी सांगितलं का?’ मी म्हणालो, उद्याच लिहितो.

आणखी एक कळलं, आणि त्यासाठीच खरं तर आज दवाखाना बंद ठेवून लिहितो आहे. तुझ्या गावचा एक रोगी परवा आला होता. तुझ्या बहिणीला मुलगा झाला, तो आता दीड महिन्याचा आहे, आणि तू त्याला अजून शिवलेला नाहीस म्हणाला. कुणी हातात द्यायला लागलं की ‘माजं हात बरं न्हाईत’ म्हणून उठून जातोस. कोंडीबा, आपण वेळेवर पोचलो असतो तर ते मूल वाचलंच असतं, असं मी डॉक्टर म्हणून छातीठोक सांगू शकत नाही. पण ते तीन तास माझे होते. मी ते तुझ्या माथी मारले आणि तू मुकाट्यानं घेऊन गेलास. ते मला परत दे. नोकरीवर ये म्हणून हे लिहिलेलं नाही, येणं न येणं तुझ्या मर्जीवर. पत्र वाचून झालं की हातातलं काम टाक, बहिणीकडं जा आणि तिचं मूल मांडीवर घे.

तुझा अपराधी आणि तुझाच,
यज्ञेश्वर