अंड्यावर बसलेली सुरय

दीपगृह, ३ जून १९९२

माय, तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो.

मी खुशाल आहे. दिव्याची नोकरी जमली.

बेटावरच्या सुरय पक्ष्यांत रोग आलाय. मी मेलेल्यांना हात लावत नाही, काळजी नको. आपल्याकडे मानमोडी आली की तू धडधाकट कोंबड्या बोदवडला मामाकडे पाठवतेस. यांना कुठे पाठवणार?

सुरय जोडीनं अंडं उबवतात. एक बसतो, दुसरा खाऊन येतो. एकीचा नर मेला. आज चौथा दिवस, ती उपाशीच उन्हात पंख पसरून अंड्यावर सावली धरून आहे. केवढी जिद्द या एवढ्याशा जिवात.

आबा गेले त्या वर्षी तू आम्हा चौघांना वाढायचीस. तू जेवलीस का, हे मी कधी विचारलंच नाही.

आज विचारतो. जेवनी का, माय?

तुझा दिव्यावरचा भाईदास