‘एक पालक’ कोण?

३ फेब्रु. ७३, शनि.
लागलं. माझं पत्र वाचनालयाच्या फळ्यावर लागलं. ओट्यावरची पेटी दर शनिवारी उघडतात, निघतील ती पत्रं टोपणनावानं काचेआड लावतात, मग आठवडाभर गावात तीच चर्चा. बायका आत जात नाहीत. आम्हाला फळा ऐकवतात रहीमचाचा. त्यांचं शिलाई मशीन वाचनालयाच्याच ओट्यावर. काजं करता करता आज त्यांनी माझंच पत्र मला ऐकवलं. शाळेत दुष्काळी सुकडीच्या दोन गोण्या येतात, मुलांच्या हातावर एकच पडते, दुसरी शाळा समितीच्या अध्यक्षांच्या म्हशी खातात. खाली, ‘एक पालक’. मला मूल ना बाळ, लग्नच नाही. डाव्या हातानं लिहिलं होतं. मी "हो का" म्हटलं आणि पोलक्याचं माप देऊन आले.

६ फेब्रु., मंगळ.
हेडमास्तरांचा जीव खालीवर. तेच वाचनालयाचे चिटणीस, अध्यक्षांच्या शब्दाबाहेर नाहीत. वर्गावर्गात विचारत फिरले, तुझा बाप लिहितो का फळ्यावर? निम्म्यांचे बाप दुष्काळी कामावर खडी फोडताहेत. मी त्यांच्याच शाळेत शिकवते, पण माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बाई लिहील, हे डोक्यातच शिरत नाही. एरवी याचा राग आला असता. आज मजा वाटली.

१० फेब्रु., शनि.
उत्तर लागलं. कोणी ‘सत्यप्रेमी’ लिहितो, एका बापाचा असशील तर नाव सांग. सत्यप्रेमी म्हणजे आमचे हेडमास्तर, हे.मा. चाचांनी वाचताना अक्षर ओळखलं, सारं गाव ओळखतं. सुकडीबद्दल अवाक्षर नाही. स्वतः आडून बोलायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं पुढे ये. दिवसभर डोकं भणभणतंय.

१३ फेब्रु., मंगळ.
माती खाल्ली मी. हे.मा.नी माझं पत्र काढून उलटं केलं. मागे शिंप्याच्या खडूची निळी रेघ, टाचणीची भोकं. मागच्या महिन्यात चाचांकडून पोलकं ज्यात बांधून आलं, तो कागद. कोरी बाजू दिसली की कापून ठेवायची, ही आमच्या घरची जुनी सवय. हात बदलला, नाव बदललं, बाईचा पुरुष झाले, आणि कागद उलटून पाहिला नाही. वर्गात मुलांच्या वह्या मात्र उलटसुलट तपासते.
हे.मा.नी चाचांना बोलावून सांगितलं, महिनाअखेर ओटा रिकामा करा.

१४ फेब्रु., बुध.
शाळा सुटल्यावर गेले. म्हटलं, चाचा, ते मी लिहिलं. ते सुईत दोरा ओवत होते.
"मले पैल्याच दिशी समजलं होतं, बाई. त्या कागदात कोनाचं पोलकं बांधलं, ते मी इसरीन का?"
मग सांगितलं का नाही?
"त्यायनं कोनं लिवलं हे इचारलंच नाही. म्हनले, कायले लिवलं? मी म्हनलं, झूट हाय का?"
त्यांचाही राग आला. कोणी सांगितलं होतं माझ्यापायी इतकं मोठं मन करायला? पण जास्त राग कुणाचा ते मला चांगलं ठाऊक आहे. तिथे पाणी न पिताच निघाले.

१७ फेब्रु., शनि.
फळ्यावर फक्त एक कागद. वर ‘खुलासा’, खाली चाचांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, ठळक शाईत. पुढे, यांची मुलं वाशीमला उर्दू शाळेत, मग हे पालक कसले, सबब तक्रार खोटी. अरे, पालक नाहीत तर लिहिणारे तेच कसे, एवढं तरी...
मागच्या आठवड्यात ‘वा रे पालक’ म्हणणारे आज खाली मान घालून ओट्यावरून जात होते. आज चाचांनी फळा वाचला नाही.

१८ फेब्रु., रवि.
वाशीमहून दादा आला. सगळं सांगितलं.
"सुमे, तू गप राह्य. चार महिन्यानं कायम होशीन. नोकरी गेली तं मायचं कसं?"
माय ऐकत होती. दादाचं चूक नाही, म्हणून तर जास्त चीड येते. आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण मी. शिकले कशासाठी, गप बसायला?

२१ फेब्रु., बुध.
आज दोन्ही गोण्या वाटल्या. पहिल्यांदा. हे.मा. स्वतः उभे. पोरांनी खिसे भरभरून नेली. पत्र खोटं होतं ना? मग ही दुसरी गोणी आली कुठून? मोठ्यानं विचारणार होते. तशीच वर्गात परत गेले. माझीच लाज वाटली.
चाचा शिवायला नवीन कपडे घेत नाहीत आता. शिवलेले परत करताहेत.

२४ फेब्रु., शनि.
परवा या वहीचं पान फाडलं. उजव्या हातानं, फळ्यावर लिहिते त्याच अक्षरात: एक पालक मी आहे. रहीमचाचांचा काही संबंध नाही. खाली पूर्ण नाव, सहायक शिक्षिका, राहणार बुद्धविहाराजवळ. भर दुपारी पेटीत टाकलं. चाचा बघत होते. "कायले, बाई?" एवढंच म्हणाले.
आज पेटी उघडली. माझं पत्र लागलं नाही. त्या जागी सूचना, नाव-गाव नसलेली पत्रे यापुढे स्वीकारली जाणार नाहीत. खाली सही नाही.
हे.मा.नी हाक मारून समजावलं, बाई, तुमच्या भल्यासाठी फाडलं, कुणाला बोलू नका, कायम व्हायचंय ना?
मी घरी आले. दादाला पत्र लिहायला घेतलं, दोन ओळींवर थांबलं.
ओटा बुधवारी रिकामा होणार. त्याआधी सोमवार आहे. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायची पाळी या आठवड्यात माझी. खडूचा नवा डबा काढून ठेवलाय.