मुरैन्याच्या पोरीचे पेढे

सीमू,

कोणी अभिनंदन करायला आलं तर चिडू नकोस, चूक माझी आहे. काल टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात ती आपल्या शेजारच्या मुरैन्याची पोरगी जिंकली आणि मला राहवेना. तू उठायच्या आत मी आपल्या अख्ख्या गल्लीत, दाना ओलीत, पेढे वाटून आले. लग्नाच्या वयाच्या मुलीची आई सकाळी सकाळी पेढे वाटत फिरली, तर लोक काय समजणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मंदाताई तर नारळ घेऊन तुझी ओटी भरायला निघाल्या. शिखाची आई दारातूनच ओरडली, "लड़का क्या करता है?"

मग मी सांगूनच टाकलं, "लड़का-वड़का कोई नहीं, आमची सीमू पुढच्या महिन्यात त्याच कार्यक्रमाच्या ऑडिशनला इंदूरला चालली आहे."

बाबा दूध घेऊन माझ्या मागेच उभे होते. चार घरांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. एक पेढा उचलून तोंडात टाकला.

तुझे घुंगरू माळ्यावरून काढून टेबलावर ठेवलेत. वर कोणी टाकले होते, ते आता विचारू नकोस. पोहे झाकून ठेवलेत, खाऊन घे.

आम्ही पडावला, स्टेशनवर इंदूरची तिकिटं काढायला चाललो आहोत. दोन काढायची की तीन, असं बाबा चपला घालता घालता विचारत होते. मी तीन म्हटलं.

आई