अर्ध्याचं अर्धं

मंगळवार, चौदा तारीख. दिवेलागण.

थायरॉईडसाठी किरणांचं औषध पिऊन सहा दिवस झाले. उद्या भावाच्या पोरीचं बारसं, आन कानात नाव सांगायचं मी, आत्यानं. मला वाटलं, हे लांब ऱ्हाणं सुतकासारखं हाय, डोक्यावरून न्हालं की फिटलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणल्या, "मावशी, ते आंघोळीनं जात नाही. आठ दिवसांत अर्धं विझतं, पुढच्या आठात उरलेल्याचं अर्धं. बाळाजवळ जाऊ नका."

गळ्यावर हात ठेवून बघितलं. आत औषधाचे कण फुटतायत म्हणं, आन हाताला काईच लागत न्हाई! ना दुखतं, ना वास. कुणाच्या बापाचं ऐकत न्हाईत, आपल्या चालीनंच विझणार. लई नवल हाय.

भाऊ म्हणला, "अक्का, मग नाव कोण सांगणार?"

"फोन धर तिच्या कानाला, गाढवा. पाठीवरचे धपाटे तुझी बायको खाईल."

नाव पोचंल. पण मला ती मांडीवर घ्यायची व्हती.